लाल बावट्याची चार वर्षं

१ ऑगस्टच्या संध्याकाळी उदगीरच्या रस्त्यावर मिरवणूक निघायच्या आधी एक पोरगा कागद-काटक्या पेटवून हलगी शेकत बसतो. पावसाळी हवेनं कातडं सैल पडलेलं असतं. तो ते जाळावर फिरवतो, बोटानं टिचकी मारून आवाज बघतो, परत फिरवतो. टण्ण वाजली की उठतो. अण्णा भाऊ साठ्यांची जयंती अशी सुरू होते. पुढं ट्रॅक्टरवर फोटो एकट्या अण्णा भाऊंचा. मला मात्र त्या आवाजासरशी तिघं आठवतात.

अण्णा भाऊ, अमर शेख आणि दत्ता गव्हाणकर. १९४४ साली या तिघांनी मुंबईत लाल बावटा कलापथक उभं केलं. १९४८ मध्ये मुंबई सरकारनं त्यावर बंदी घातली. मधली जेमतेम चार वर्षं. पण मराठी माणसानं बोलणं आणि गाणं यांची सांधेजोड कशी करावी, याचा एवढा धीट प्रयोग पुढच्या काळात क्वचितच झाला, असं माझं मत आहे.

तिघंही शिकवणीतून आलेले कलावंत नव्हते. अण्णा भाऊ वाटेगावचे. लहानपणी बापाबरोबर पायी मुंबई गाठलेले, मग गिरणीत राबलेले, मधल्या काळात गावाकडं बापू साठ्यांच्या तमाशात वावरलेले. अमर शेख बार्शीचे, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. मोटारीवर क्लीनर, मग गिरणी कामगार. आई मुनेरबी ओव्या म्हणायची आणि गळा तिचाच उतरला होता. गव्हाणकर स्वतः रचणारे आणि गाणारेही. पण त्यांचं नाव घेतलं की आज समोरचा विचारतो, ‘हे कोण?’ याचं मला खरंच वाईट वाटतं.

प्रयोग काय होता, ते जरा सावकाश सांगायला हवं. तमाशाचा क्रम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला : गण, गौळण, बतावणी आणि मग वग. गणात गणपतीला वंदन, गौळणीत कृष्ण, पेंद्या आणि बाजारला निघालेल्या गवळणींसोबतची मावशी. अण्णा भाऊंनी गणातलं वंदन मायभूमीकडं, हुतात्म्यांकडं, कष्टकऱ्यांकडं वळवलं आणि गौळण काढून टाकली. हे सोपं नव्हतं. गौळण म्हणजे हमखास हशा, हमखास शिट्ट्या. ती काढली तर समोरचा गिरणी कामगार उठून जाईल ही भीती कुणालाही वाटली असती. त्यांनी तो हशा वगाच्या आतच आणला, सावकाराच्या आणि शेटजीच्या तोंडी घातला. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचे इलेक्शन’ हे वग या काळातले. याच घडणीला पुढं लोकनाट्य हे नाव रुळलं.

पोवाड्याचंही तसंच. पोवाडा नुसता गायचा नसतो. शाहीर तीन-चार कडवी चढ्या लयीत म्हणतो, झीलकरी ‘जी जी’ ओढतात आणि मग एकदम डफ खाली येतो, तुणतुणं एका सुरावर टिकटिकत राहतं आणि शाहीर बोलायला लागतो. साधं गद्य, पण लय न सुटलेलं. ती जागा मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण ऐकणारा तिथं सावरून बसतो. सिंहगडाची चढाई सांगायला वापरलेल्या त्या जागेत अण्णा भाऊंनी स्टालिनग्राड आणलं. मग बंगालचा दुष्काळ, तेलंगणाचा लढा. ज्याला अक्षर वाचता येत नव्हतं, त्याला हजारो मैलांवरची बातमी त्याच्या आजोबाच्या चालीत कळत होती.

तेव्हा उदगीर कुठं होतं? बिदर जिल्ह्यात, निजामाच्या राज्यात. इथं सभा म्हटलं की ‘गश्ती निशाण ५३’ हे निजामाचं निर्बंधाचं फर्मान आडवं यायचं. हद्दीपलीकडची बार्शी इंग्रजी अमलात. म्हणजे अमर शेखांचं गाव फार लांब नव्हतं, पण राज्य दुसरं होतं. योगायोग बघा : ज्या १९४८ मध्ये सप्टेंबरात पोलीस ॲक्शन होऊन आम्ही मोकळे झालो, त्याच साली तिकडं स्वतंत्र देशाच्या सरकारनं या शाहिरांचा आवाज बंद केला. कम्युनिस्ट पक्षानं तेव्हा सशस्त्र उठावाची भूमिका घेतली होती, धरपकड चालू होती. सरकारला पक्षाची भीती समजू शकते. पण डफाची?

बंदीनं पथक मोडलं, माणसं मोडली नाहीत. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत तिघंही पुन्हा मैदानात दिसले. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही अण्णा भाऊंची छक्कड त्या दिवसांतली. गावाकडं राहिलेल्या बायकोची हुरहुर सांगता सांगता ती बेळगाव-कारवारची सल सांगते. पुढं अण्णा भाऊंची ‘फकिरा’ ही कादंबरी आली, अमर शेखांचे ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे कवितासंग्रह आले. जो तो आपापल्या जागी मोठा झाला आणि बहुधा त्यामुळंच पथक विसरलं गेलं. कादंबरी एकट्याची असते, तिच्यावर एक नाव लिहिता येतं. कलापथकात मात्र शब्द एकाचा, गळा दुसऱ्याचा, झील तिसऱ्याची. जयंतीच्या फोटोत हे मावत नाही.

१९६९ च्या १८ जुलैला अण्णा भाऊ गेले. २९ ऑगस्टला अमर शेख अपघातात गेले. मध्ये अवघे ४२ दिवस.

अमर शेखांचा जन्म २० ऑक्टोबरचा. बार्शी आम्हाला वाटेगावपेक्षा जवळ. त्या दिवशीही उदगीरात कुणी हलगी काढावी असं मला फार वाटतं. तोवर पाऊस संपलेला असतो, हवा कोरडी झालेली असते. कातडं फार शेकावंही लागणार नाही.