छतातले एलईडी: घेण्याआधी

पीओपीचं छत करायचं ठरलं की त्यात गोल पॅनल लाइट आलेच. दिसतात देखणे, छताशी सपाट. जाळ्या-जळमटांनाही फारशी जागा नाही. वीज वाचते हे खरं, पण ती होल्डरमधला साधा एलईडी बल्बही वाचवतो.

खरा फरक कळतो बिघडल्यावर. बल्ब स्टुलावर चढून कुणीही बदलतं. पॅनल गेला तर मेन स्विच बंद करून, स्प्रिंगच्या क्लिपा सांभाळत तो छतातून खाली ओढायचा. मागे वायरला एक छोटी डबी लोंबत असते, तो ड्रायव्हर. २३० व्होल्टच्या एसीचा तो दिव्याला झेपेल असा डीसी करतो, आणि पुष्कळदा आधी तोच जातो. छतात कोंडलेल्या उष्णतेने त्यातला कपॅसिटर हळूहळू सुकतो. ड्रायव्हर सुटा असेल, तर त्यावर छापलेले वॅट, व्होल्ट आणि मिलिअँपिअर जुळवून नवा लावता येतो. आतच जडवलेला असेल तर बहुधा अख्खा दिवाच बदलावा लागतो. तोवर ते मॉडेल बंद झालं असेल तर नव्याचा आकार भोकात बसत नाही, आणि बसला तरी उजेड शेजारच्यांपेक्षा निळसर!

खोक्यावरचे २५,००० तास म्हणजे रोज ६ तास धरून ११ वर्षं. तो हिशेब बहुधा उजेड देणाऱ्या एलईडी चिपचा. ड्रायव्हर तेवढा टिकेलच असं नाही.

तरी हौस असेल तर सुट्या ड्रायव्हरचेच घ्या, आणि त्याच खेपेला दोन दिवे जादा आणून माळ्यावर ठेवा.