महाप्राण आणि श्वसनयंत्रणा

वर्णांचे अल्पप्राण व महाप्राण असे जे वर्गीकरण आपण शालेय व्याकरणापासून ऐकत आलो आहोत, त्याचे स्पष्टीकरण बहुधा एका वाक्यात उरकले जाते : ज्याच्या उच्चारास श्वास थोडा लागतो तो अल्पप्राण, अधिक लागतो तो महाप्राण. ‘क’ आणि ‘ख’ या जोडीपुरते हे विधान खोटे नाही. मुखासमोर तळहात धरून ‘कर’ व ‘खर’ हे शब्द आळीपाळीने उच्चारले असता दुसऱ्या वेळी वायूचा झोत हाताला जाणवतोच. (या प्रयोगासाठी ‘फ’ घेऊ नये, पुष्कळ मराठी भाषक तो वर्ण आज दात ओठाला लावून घर्षणाने उच्चारतात.) परंतु हा अधिक वायू येतो कसा, असे विचारले की उत्तर मिळते ते असे की बोलणारा छातीतून जोर लावतो. प्रस्तुत लेखकही काही वर्षे वर्गात हेच सांगत असे. हे उत्तर शरीररचनेच्या कसोटीस उतरत नाही. आणि ते टाकून दिले म्हणजे ‘घ, झ, ढ, ध, भ’ या वर्णांविषयीची आपली समजूतही बदलावी लागते.

प्रथम यंत्रणेकडे पाहू. छातीच्या पिंजऱ्यात दोन फुप्फुसे असतात. उजव्याचे तीन खंड व डाव्याचे दोन, कारण डावीकडे हृदयाला जागा द्यावयाची असते. श्वासनलिका सुमारे दहा-बारा सेंटिमीटर लांब असून कूर्चेची सोळा ते वीस अर्धवट कडी तिला उघडी धरून ठेवतात. पुढे तिच्या दोन शाखा होतात, त्यांच्या उपशाखा होतात, आणि शेवटी तीस ते पन्नास कोटी सूक्ष्म वायुकोशांपाशी हा पसारा थांबतो. तेथे केशवाहिन्यांतील रक्त प्राणवायू घेते व कर्बवायू सोडते. हे श्वसनाचे मुख्य प्रयोजन. बोलणे हा त्याचा मागाहून केलेला उपयोग होय.

फुप्फुसांना फुगविणारा स्नायू त्यांच्या स्वतःच्या ठायी नाही. घुमटाच्या आकाराचे श्वासपटल आकुंचन पावून खाली सपाट होते, बरगड्यांमधील बाहेरचे स्नायू बरगड्यांना वर व बाहेर उचलतात, पोकळी वाढते, आतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि हवा आत शिरते. शांत उच्छ्वासास मात्र वेगळे श्रम पडत नाहीत. स्नायू सैल झाले की ताणलेली फुप्फुसे आपल्या स्थितिस्थापकतेने मिटू लागतात. मिनिटास बारा ते वीस वेळा, दर खेपेस सुमारे अर्धा लिटर हवा अशी ये-जा करते. अगदी जोर लावून श्वास सोडला तरी लिटरभराहून अधिक हवा आत उरतेच.

बोलू लागताच ही लय मोडते. शांत श्वसनात आत घेण्यास एकूण वेळेच्या सुमारे दोन-पंचमांश भाग लागतो. बोलताना तो एक-दशांशाच्या आसपास येतो, आणि उच्छ्वास वाक्यभर लांबविला जातो. येथे एक नवलाची गोष्ट घडते. दीर्घ श्वास घेतल्यावर फुप्फुसांचा परतण्याचा ओढा इतका असतो की तो मोकळा सोडल्यास वाक्याचा आरंभ गर्जनेने व शेवट कुजबुजीने व्हावा. म्हणून श्वास आत घेणारे स्नायूच बोलण्याच्या प्रारंभी काही काळ आकुंचित राहून उच्छ्वासाला लगाम घालतात. पुढे तो ओढा क्षीण झाल्यावर बरगड्यांमधील आतले स्नायू व शेवटी पोटाचे स्नायू हवा बाहेर लोटू लागतात. परिणामी स्वरयंत्राखालील दाब पाण्याच्या पाच ते दहा सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाइतका, बऱ्याच अंशी स्थिर राहतो. १९५०-६० च्या दरम्यान एडिंबरो येथे ड्रेपर, लॅडफोगेड व व्हिटरिज यांनी स्नायूंतील विद्युत्-स्पंदने नोंदवून हे दाखविले. प्रत्येक अक्षरामागे छातीचा एक स्वतंत्र झटका असतो, हे स्टेटसन यांचे १९२८ मधील मत त्या नोंदींपुढे टिकले नाही.

अक्षरागणिक जर छाती झटका देत नसेल, तर ‘ख’पुरता तो ती कोठून देणार? तेव्हा शोध वर, कंठाकडे वळवावा लागतो.

स्वरयंत्राच्या तळाशी अंगठीसारखी एक कूर्चा आहे. तिच्यावर ढालीसारखी दुसरी, जिचा पुढे आलेला कोन पुरुषांत कंठमणी म्हणून दिसतो. मागील बाजूस दोन लहान त्रिकोणी कूर्चा आहेत. या दोन फिरतात, सरकतात, आणि त्यांना मागे जोडलेले स्वरतंतू त्यांच्याबरोबर जवळ येतात वा दूर जातात. तंतू हा शब्द खरे तर फसवा आहे. ते ताणलेल्या तारा नसून स्नायू व श्लेष्मल त्वचा यांच्या दोन घड्या होत. गिळताना अन्न श्वासमार्गात जाऊ नये म्हणून मिटणे, हे त्यांचे मूळ काम. हलके एकत्र आलेले असताना खालून हवा आली म्हणजे त्या कंप पावतात. पुरुषांत सेकंदास सुमारे १२०, स्त्रियांत सुमारे २०० वेळा. गायनशिक्षक मान्युएल गार्सिया यांनी १८५४ मध्ये लहान आरसा व सूर्यप्रकाश यांच्या साह्याने स्वतःच्या कंठातील ही हालचाल पाहिली.

‘क’ उच्चारताना जीभ मार्ग सोडते त्या क्षणापर्यंत स्वरतंतू जवळपास एकत्र आलेले असतात. स्वर लागलीच सुरू होतो. ‘ख’च्या वेळी त्याच क्षणी ते बरेच विलग असतात. त्यांना मिटण्यास जो अल्प अवधी लागतो त्यात हवा अडथळ्याविना वाहून जाते आणि तोच आपल्या तळहातावरील झोत. चिन-वू किम यांनी १९७० मध्ये महाप्राणत्वाची हीच उपपत्ती मांडली, आणि कागाया व हिरोसे यांनी १९७५ मध्ये हिंदी वर्णांच्या वेळी कंठात प्रकाशतंतूंची दुर्बीण सोडून केलेले निरीक्षण तिला पोषक ठरले. नळाची उपमा द्यावयाची तर टाकीची उंची वाढलेली नसते, तोटी अधिक उघडलेली असते. चॉम्स्की व हाले यांनी १९६८ मध्ये महाप्राणांच्या मुळाशी वाढीव दाब कल्पिला होता. परंतु मंजरी व जॉन ओहाला यांना १९७२ मध्ये हिंदीत तसा आधार मिळाला नाही. उलट मार्ग खुला झाल्यावर दाब किंचित उतरतो. तोटी मोठी उघडली म्हणजे असेच व्हावयाचे.

खरी अडचण ‘ध’ व ‘भ’ यांची. १९६४ मध्ये लिस्कर व एब्रमसन यांनी अकरा भाषांतील स्पर्शवर्ण मोजले, त्यांत मराठीही होती. स्फोटानंतर कंप केव्हा सुरू होतो, या एकाच मापाने ‘त’ व ‘थ’ स्पष्ट वेगळे पडले. ‘द’ व ‘ध’ पडले नाहीत, कारण दोहोंत कंप आधीपासूनच चालू असतो. ‘ध’मध्ये स्पर्शाच्या उत्तरार्धात स्वरतंतू अर्धवट दूर होतात आणि तशाच स्थितीत कंप पावत राहतात, नाद आणि श्वास एकाच वेळी बाहेर पडतात. ‘थ’ व ‘ध’ यांना एका नावाखाली घालणे योग्य आहे, पण ‘अधिक जोर’ हे त्यांचे सामान्य लक्षण नव्हे. कंठ उघडणे हे आहे.

हे आपल्या पूर्वसूरींस अज्ञात नव्हते. तैत्तिरीय प्रातिशाख्य सांगते की कंठ संवृत असता नाद, विवृत असता श्वास, आणि मधल्या स्थितीत हकार उत्पन्न होतो. घोष महाप्राणांचे उपादानही ते हकारच मानते. नाद व श्वास एकत्र संभवतात हे व्हिटनीसारख्या एकोणिसाव्या शतकातील व्यासंगी पंडितासही पटले नव्हते. शालेय पुस्तकांनी प्रातिशाख्य सोडून ‘जोर’ धरला, हे दुर्दैव.

अध्यापनात याचा परिणाम दिसतो. तमिळसारख्या, ज्या भाषेत अल्पप्राण-महाप्राण भेद अर्थभेदक नाही, तिच्या भाषकास ‘जोर लाव’ असे सांगितले की तो ‘धन’ ओरडून म्हणतो आणि कानी पडते ‘दन’च. त्याला आधी दोन स्वरांमधला मराठी ‘ह’ गळ्यावर बोट ठेवून ऐकवावा, मग ‘म्हण’, ‘न्हाणे’, ‘कोल्हा’ यांतील जोडोच्चार, आणि त्यानंतर ‘ध’.

शब्दान्ती महाप्राण का ढळतात, हेही यावरून समजते. कंठ मिटण्यास होणारा विलंब पुढे स्वर असेल तरच नीट ऐकू येतो. ‘दूध’, ‘जीभ’ हे शब्द घाईने बोलताना ‘दूद’, ‘जीब’ होतात. प्राकृत ‘हत्थ’, ‘भिक्खा’ यांपासून हिंदीने ‘हाथ’, ‘भीख’ राखले व मराठीने ‘हात’, ‘भीक’ केले. हिंदीला तीच अडचण असताना तेथे महाप्राण का टिकला, याचे उत्तर मात्र एकट्या कंठाच्या रचनेत सापडणार नाही.