‘वॉट’ आणि ‘वेद’ : एका लुप्तप्राय इंग्रजी क्रियापदाची व्युत्पत्ती

१६११ चे इंग्रजी बायबल किंवा शेक्सपिअरची नाटके शिकविताना ‘वॉट’ हे क्रियापद भेटते. पुष्कळ विद्यार्थी त्यास ‘व्हॉट’चे जुने लेखन समजतात, वर्गात आपणही ‘जाणणे’ एवढा अर्थ सांगून पुढे जातो. प्रस्तुत लेखात या क्रियापदाच्या रूपांचा व मुळाचा विचार करावयाचा आहे.

मूळ क्रियापद ‘विट’, वर्तमानकाळी एकवचन ‘वॉट’, भूतकाळ ‘विस्ट’. कोलरिजच्या ‘द राइम ऑफ द एन्शंट मरिनर’ (१७९८) या काव्यात ‘विस्ट’ आढळते. तृतीय पुरुषी एकवचनातही ‘ही वॉट’ असेच रूप होते. ‘स’ हा प्रत्यय लागत नाही. याचे कारण असे की, ‘वॉट’ हे मुळात वर्तमानकाळाचे रूप नव्हेच. आद्य इंडो-युरोपीय भाषेत ‘वेइद्’ म्हणजे पाहणे. लॅटिन ‘विदेओ’मध्ये तो अर्थ टिकला आहे. त्याचे पूर्णकाळी रूप ‘पाहिले आहे’, म्हणूनच ‘जाणतो’, असा अर्थ देऊ लागले.

संस्कृतात हेच रूप ‘वेद’. ‘चकार’, ‘ददर्श’ यांप्रमाणे येथे द्वित्व नाही आणि अर्थ वर्तमानाचा आहे. पाणिनीने विद् धातूला वर्तमानकाळी लिट्‌चे प्रत्यय विकल्पाने सांगितले (अष्टाध्यायी ३.४.८३), ते याच वैचित्र्यामुळे. प्राचीन इंग्रजीत एकवचन ‘वाट्’, अनेकवचन ‘विटोन्’. संस्कृतात ‘वेद’, ‘विद्म’. एकवचनात गुण होतो, अनेकवचनात होत नाही, ही व्यवस्था दोन्हीकडे एकच आहे. ‘द’च्या जागी ‘ट’ येतो तो ग्रिमच्या नियमानुसार. इतके साम्य पाहून इंग्रजी संस्कृतातून निघाली असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. दोहोंचा वारसा समान आहे, इतकेच यावरून सिद्ध होते.

पुढे इंग्रजी भाषकांनाच या रूपाचा इतिहास विसरला. बायबलच्या उपरोक्त भाषांतरात, उत्पत्तीच्या ३९ व्या अध्यायात, ‘वॉटेथ’ असे नियमित प्रत्यय लावलेले रूप येते. त्याहून मौजेची कथा ‘विस’ची. ‘इविस’ हे ‘खचित’ या अर्थाचे क्रियाविशेषण. जर्मन ‘गेविस’ त्याचे सगोत्र. ते तोडून लिहिले जाऊ लागल्यावर आरंभीच्या ‘इ’ला लोक ‘आय’ हे सर्वनाम समजले आणि ‘मी जाणतो’ असा अर्थ लावून ‘विस’ हे कधीच नसलेले क्रियापद जन्मास आले. योगायोग असा की, ‘इविस’ही मूळच्या ‘वेइद्’ धातूपासूनच आलेले आहे.

आज ‘विट’ हे क्रियापद कायद्याच्या भाषेतील ‘टू विट’ (म्हणजेच) या प्रयोगात उरले आहे, आणि ‘अनविटिंग’ (अजाणता) या विशेषणात.