नाव घडवणाऱ्याचे, आठवण घरच्यांची : जपानी तलवारींच्या परतीविषयी

१९४५ साली जपानने शरणागती पत्करल्यावर जपानी अधिकाऱ्यांच्या असंख्य तलवारी दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांबरोबर अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया येथे गेल्या. काही रणांगणावर मृतांजवळून उचललेल्या होत्या, तर काही रीतसर समारंभात स्वीकारलेल्या. ब्रह्मदेशात लढलेल्या चौदाव्या सेनेचे सेनापती विल्यम स्लिम यांनी जपानी सेनानींनी तलवार प्रत्यक्ष अर्पण करावी असा आग्रह धरला होता. जनरल किमुरा यांची तलवार स्लिम यांच्या घरी राहिली, ही नोंद त्यांच्या ‘डिफीट इन्टू व्हिक्टरी’ (१९५६) या ग्रंथात आहे. विजेत्याच्या आत्मकथनात तलवार हे विजयचिन्ह असते. पराजिताच्या घरी ती न परतलेल्या माणसाची वस्तू असते. सैनिकांचे वारस ती परत करू पाहतात, तेव्हा हे दोन अर्थ समोरासमोर येतात.

यातील पहिली अडचण वाचनाची आहे. बांबूची खुंटी काढून मूठ सोडवली की पात्याचा एरवी झाकलेला भाग, म्हणजे ‘नाकागो’, दिसतो. त्यावर कोरीव लेख असलाच तर तो सामान्यतः तलवार घडवणाऱ्या लोहाराचे नाव, स्थळ वा काळ सांगतो. धारकाविषयी तो बहुधा मौन पाळतो. शरणागतीच्या वेळी बांधलेली नाव-पत्त्याची चिठ्ठी टिकली असेल, तर घराचा माग लागण्याची आशा असते.

दुसरी अडचण मूल्याची आहे. कागोशिमा येथील तेरुकुनी देवस्थानाची कुनिमुनेने घडवलेली तलवार वॉल्टर कॉम्प्टन या अमेरिकन संग्राहकाने १९६३ साली परत केली. ती राष्ट्रीय ठेवा म्हणून नोंदलेली होती. त्यामुळे ती कोणाची, हे ठरवता आले. सामान्य अधिकाऱ्याची तलवार मात्र अनेकदा कारखान्यात घडलेली असे. जपानच्या १९५८ सालच्या शस्त्रनियंत्रण कायद्यानुसार कलामूल्य असलेल्या पारंपरिक पात्यांचीच नोंदणी होते. यंत्रनिर्मित पाते घरी ठेवता येत नाही. कायदा येथे घडवणाऱ्याची कला ओळखतो, धारकाची आठवण नव्हे. ज्या घरी अस्थीही पोहोचल्या नाहीत, तेथे ही तफावत विशेष जाणवते.

म्हणूनच तलवार स्वच्छ करताना किंवा विकताना जीर्ण चिठ्ठी काढून टाकणे ही मोठी हानी ठरते. पात्याला मायदेशी प्रवेश मिळो वा न मिळो, त्या चिठ्ठीवरील नाव त्याच्या घरी पोहोचू शकते.