दोन मिनिटं चार सेकंद

नोव्हेंबर २०२१. नागपूरजवळ कोराडी, वीज केंद्राच्या चिमण्यांचं आणि जगदंबेच्या देवळाचं गाव. एका घरात वडिलांच्या मोबाइलवर फोन आला. मोबाइल होता पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातात. पलीकडचा म्हणाला, डिजिटल पेमेंट कंपनीच्या कस्टमर केअरमधून बोलतोय, खात्याची क्रेडिट मर्यादा वाढवून देतो, एक ॲप तेवढं टाकून घ्या. पोट्ट्यानं टाकलं. ते दुसऱ्याचा फोन दुरून चालवायचं ॲप होतं. खात्यातून ८ लाख ९५ हजार रुपये गेले.

एका घरासाठी ही वर्षानुवर्षांची पुंजी. देशाच्या हिशेबात ती किती भरते? २०२४ मध्ये भारतीयांनी सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी रुपये गमावले, असं केंद्र सरकारनं लोकसभेत सांगितलं. आदल्या वर्षी आकडा ७,४६५ कोटी होता, म्हणजे वर्षभरात तिप्पट. खोटं कस्टमर केअर, खोटे शेअर, डिजिटल अरेस्ट, सगळं यात आलं. भागाकार केला तर दिवसाला ६२ कोटी, मिनिटाला ४ लाख ३३ हजार. कोराडीची पुंजी या वेगानं जायला लागतात दोन मिनिटं चार सेकंद.

कोटी म्हटलं की आपली नजर सुन्न होते, म्हणून नोटा मांडून बघू. पाचशेची नोट १५ सेंटिमीटर लांब. २२,८४५ कोटींच्या पाचशेच्या नोटा एकापुढे एक ठेवल्या तर साडेअडुसष्ट हजार किलोमीटर होतात. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. नागपूरहून निघून मुंबईला जायचं, परत यायचं, आणि असं ४८ वेळा केलं तरी हातात नोटा उरतात.

आणि एवढं सगळं ज्या किल्लीनं उघडतं ती केवढी? त्या काळी असं ॲप टाकलं की स्क्रीनवर नऊ आकडे उमटायचे. ते फोनवरच्या माणसाला वाचून दाखवायचे आणि पुढची परवानगी द्यायची, बस. मग तुमचा ओटीपी तुमच्याइतकाच त्यालाही दिसतो. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९ मध्येच अशा ॲपबद्दल बँकांना सावध केलं होतं. कोराडीचा फोन त्यानंतर पावणेतीन वर्षांनी आला.

त्या मुलाला मी वेंधळा म्हणणार नाही. आपल्याकडे घरचं कस्टमर केअर असतंच कुणाकडे? रिचार्ज, गॅसचं बुकिंग, आजीचं व्हॉट्सॲप, सगळं पोरांकडे. मायक्रोसॉफ्टच्या २०२१ च्या सर्वेक्षणात भारतातल्या ६९ टक्के लोकांना वर्षभरात अशा फसव्या मदतनिसांचा अनुभव आला होता, आणि ३१ टक्क्यांचे पैसे गेले होते. त्यात तरुण जास्त फसले, म्हातारे नव्हेत.

पलीकडे कोण बसतं? ऑगस्ट २०२५ मध्ये सीबीआयनं इगतपुरीच्या एका रिसॉर्टमध्ये छापा घातला, तेव्हा ६२ जण चालू कामात सापडले. ॲमेझॉनची मदतसेवा असल्याचं सांगून ते अमेरिका-कॅनडातल्या लोकांना गंडवत, असा आरोप आहे. कामाची वाटणीही होती: डायलर फोन लावणार, व्हेरिफायर खातरजमा करणार, क्लोजर पैसे काढणार. ४४ लॅपटॉप, ७१ मोबाइल, १ कोटी २० लाख रोख. मीरा रोडला २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी सातशेहून जास्त जण ताब्यात घेतले होते. तिथला धंदा अमेरिकेच्या आयकर खात्याच्या नावानं चालायचा. फक्त खोट्या टेक सपोर्टच्या २०२४ साली अमेरिकेच्या एफबीआयकडे ३६,००२ तक्रारी आल्या, नुकसान १४६ कोटी डॉलर. तक्रारीमागे चाळीस हजार डॉलर!

संगणकावर हीच मंडळी वेगळ्या वेषात येतात. स्क्रीन भरून लाल पाटी, स्पीकरमधून भोंगा, माउस हलेना, आणि मधोमध फोन नंबर. तो नंबरच चोर. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. ती पाटी म्हणजे ब्राउझरचं मोठं केलेलं पान. एस्केपची कळ दाबून धरली की बहुधा आकसतं. नाहीच गेलं तर संगणक बंद करायचा. गुगलवर शोधून सापडलेला कस्टमर केअर नंबरही असाच संशयाचा. खरा पासबुकावर किंवा कार्डामागे छापलेला असतो.

पैसे गेलेच तर सेकंद मोजायचे ते इथे. चोर रक्कम या खात्यातून त्या खात्यात फिरवत असतो, मधेच कुठेतरी गोठवता आली तर आली. तक्रारी वेळेत आल्यामुळे ५,४८९ कोटी वाचल्याचं सरकारनं जुलै २०२५ मध्ये सांगितलं. तक्रारीचा नंबर १९३०. कोराडीच्या वेळी तो १५५२६० होता. हात थरथरत असताना सहा आकडे आठवत नाहीत, हे कुणाच्या तरी ध्यानात आलं असावं.