दुसऱ्या कंपनीचा गेम कंट्रोलर घेताना: खोक्यावर काय वाचायचं



गेल्या काही महिन्यांत इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव अशा वेगवेगळ्या ठिकाणांहून एकाच धाटणीचे प्रश्न आले. मुलाच्या नाहीतर नातवाच्या गेमचा कंट्रोलर बिघडलाय. घरात त्याला सगळे रिमोटच म्हणतात. मूळ कंपनीचा नवा घ्यायचा तर पाच-सहा हजारांच्या घरात जातो. दुकानात दुसऱ्या कंपन्यांचे मात्र दीड-दोन हजारांपासून मिळतात. तो घेतला तर चालेल का? आणि एवढे डझनभर दिसतात त्यातला कोणता?

चालेल. फक्त एक नियम पाळा. फौजेत सामान ताब्यात घेताना यादी हातात असते. यादीत आहे ते मोजून घ्यायचं आणि यादीत नाही ते मिळणार असं समजायचं नाही. इथेही तेच. खोक्यावर जे लिहिलेलं नाही, ते आत नाही असं धरा. आजच्या भागात आपण ही यादीच तयार करू.

दुसऱ्या कंपनीचा म्हणजे नकली नव्हे

बाजारातला माल तीन प्रकारचा असतो. पहिला परवान्याचा. होरी, पॉवर-ए यांसारख्या कंपन्या सोनी, मायक्रोसॉफ्ट किंवा निन्टेन्डोकडून रीतसर परवाना घेऊन कंट्रोलर बनवतात आणि खोक्यावर 'ऑफिशियली लायसन्स्ड' असं छापतात. दुसरा प्रकार स्वतःच्या नावाने विकला जाणारा, पण परवाना नसलेला. एटबिटडू, गेमसर या चिनी कंपन्या किंवा आपल्याकडचे कॉस्मिक बाइट, रेडगियर हे ब्रँड तुम्ही ऐकले असतील. एकाच कंपनीचं एक मॉडेल परवान्याचं असतं आणि दुसरं नसतं, म्हणून कंपनीचं नाव पाहून थांबू नका, मॉडेल पाहा. तिसरा प्रकार निव्वळ नकली. माल कुणाचा तरी आणि वर चिन्ह सोनीचं.

दिल्लीचा पालिका बाजार, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बेंगळुरूचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, सगळीकडे सचोटीने धंदा करणारे दुकानदार भरपूर आहेत. तरी मूळ कंपनीचं चिन्ह असलेला कोरा कंट्रोलर कोणी निम्म्याहून कमी भावात देऊ लागला, तर हात मागे घ्या. बाहेरून आलेल्या मालाच्या खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी आणि तक्रारीसाठी फोन नंबर किंवा ईमेल असावा असा आपल्याकडे कायदा आहे. ते लेबलच नसेल तर उद्या बिघाड झाल्यावर जाणार कोणाकडे?

स्वस्त वस्तू म्हणजे कुचकामी, हाही एक गैरसमज आहे. अमेरिकी नौदलाची 'कोलोरॅडो' ही पाणबुडी २०१८ साली सेवेत आली. तिच्यावरची पेरिस्कोपच्या जागी असलेली कॅमेऱ्याची यंत्रणा एक्सबॉक्स ३६० च्या साध्या कंट्रोलरने फिरवतात. त्याआधीच्या खास बनवलेल्या हँडलची आणि पॅनेलची किंमत सुमारे ३८ हजार डॉलर सांगितली जात होती. कंट्रोलर तीस डॉलरच्या आत मिळत होता, तरुण खलाशांच्या हाताला तो लहानपणापासून सवयीचा होता आणि बिघडला तर कुठल्याही बंदरावर दुसरा मिळणार होता. २०२३ मध्ये 'टायटन' ही पर्यटकांची पाणबुडी फुटली तेव्हा तिच्यावर लॉजिटेकचा एफ-७१० हा गेमचा कंट्रोलर होता, म्हणून लोकांनी त्याची खूप चेष्टा केली. पण फुटलं ते पाणबुडीचं कवच. कंट्रोलरचा त्यात दोष नव्हता. किमतीवरून निकाल देऊ नका, एवढंच मला यातून सांगायचंय.

पहिली ओळ: कुठल्या मशीनसाठी?

दुकानदाराला 'चांगला कंट्रोलर दाखवा' असं म्हणू नका. आधी मशीनचं पूर्ण नाव सांगा. सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

पीएस-५ सर्वात कडक. त्यावर पीएस-५ चे गेम खेळायला पीएस-५ साठी परवाना असलेलाच कंट्रोलर लागतो. सोनीचा स्वतःचा पीएस-४ चा कंट्रोलर जोडला तरी त्यावर फक्त पीएस-४ चे गेम खेळता येतात. शिवाय सोनीच्या मूळ कंट्रोलरमधली बारीक कंपनं आणि बोटाला घट्ट लागणारे ट्रिगर परवान्याच्या मालातही सहसा नसतात.

एक्सबॉक्सवर पूर्वी बरंच काही चालून जायचं. नोव्हेंबर २०२३ पासून मायक्रोसॉफ्टने परवाना नसलेली उपकरणं अडवायला सुरुवात केली. कंट्रोलर जोडला की इशारा यायचा आणि दोन आठवड्यांनी तो बंद पडायचा. त्यामुळे एक्सबॉक्ससाठीही परवान्याचाच घ्या. 'ॲडाप्टर लावला की चालतो' या शब्दावर पैसे देऊ नका.

निन्टेन्डो स्विचसाठी निवड भरपूर आहे. फक्त हात हलवून खेळायचे सेन्सर, कंपन, कंट्रोलरवरूनच मशीन चालू करणं, यातलं काहीतरी स्वस्त मॉडेलमध्ये गाळलेलं असतं. स्विच-२ हे २०२५ चं मशीन वेगळं आहे. जुन्या स्विचसाठीचा कंट्रोलर त्यावर चालेलच असं नाही. खोक्यावर 'स्विच-२' असं स्वतंत्र लिहिलेलं हवं.

कॉम्प्युटरवर सगळ्यात मोकळीक आहे. तिथे एक शब्द शोधा: 'एक्सइनपुट'. विंडोजला कंट्रोलरशी बोलायच्या दोन भाषा येतात. जुनी डायरेक्टइनपुट आणि एक्सबॉक्स ३६० च्या काळापासूनची एक्सइनपुट. आजचे बहुतेक गेम दुसरीच समजतात. काही कंट्रोलरच्या मागे 'डी' आणि 'एक्स' असा खटका असतो. बटणं भलतंच काही करू लागली, तर तक्रार करण्याआधी तो खटका 'एक्स'वर आहे का ते पाहा.

मोबाइलसाठी घेत असाल तर आधी गेम पाहा. लढाईचे काही लोकप्रिय गेम कंट्रोलर स्वीकारतच नाहीत. बाहेरचं ॲप टाकून जबरदस्तीने चालवला, तर खेळणाऱ्याचं खातं बंद होऊ शकतं.

दुसरी ओळ: स्टिकच्या आत काय आहे?

कंट्रोलरचं आयुष्य ठरतं ते अंगठ्याखालच्या दोन स्टिकवर. नेहमीच्या स्टिकमध्ये कार्बनचा एक पट्टा असतो आणि त्यावर धातूची पत्ती घासत फिरते. जुन्या रेडिओचा आवाजाचा कान पिळला की खरखर यायची, आठवतं? तेच तंत्र. घासून घासून पट्टा झिजतो आणि अंगठा बाजूला असतानाही मशीनला वाटतं की स्टिक ढकललेली आहे. पडद्यावरचा माणूस आपोआप चालू लागतो. याला 'ड्रिफ्ट' म्हणतात. हा रोग फक्त स्वस्त मालाला होतो असं नाही. निन्टेन्डोच्या स्विचसोबत येणाऱ्या जॉय-कॉनवरून २०१९ मध्ये अमेरिकेत सामूहिक दावा झाला आणि २०२० मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी ग्राहकांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी व्यक्त केली.

ड्रिफ्टची सुरुवात इतकी बारीक असते की घरात कोणाच्या लक्षात येत नाही. नेम चुकत राहतो, पोरगा हरत राहतो आणि त्याला वाटतं आपल्याच हातात काही नाही. नेमबाजीत आम्ही रायफल आधी 'झिरो' करतो, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागते ना हे तपासतो. ते न करता जवानाला दोष देत नाहीत. तुम्हीही पोराच्या हाताला नाव ठेवण्याआधी स्टिक तपासा.

यावर उपाय आहे हॉल इफेक्ट सेन्सर. एडविन हॉल या अमेरिकी शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये दाखवलेल्या परिणामावर तो चालतो. स्टिकला छोटं चुंबक असतं आणि ते हललं की जवळच्या सेन्सरला त्याचं क्षेत्र बदललेलं कळतं. काही घासतच नाही, मग झिजणार काय? टीएमआर हा याच जातीचा नवा सेन्सर, बॅटरी कमी खाणारा. गंमत म्हणजे मूळ कंपन्यांचे नेहमीचे कंट्रोलर अजून घासणाऱ्या पट्ट्याचे असताना, दुसऱ्या कंपन्यांच्या दोन-तीन हजारांच्या मॉडेलमध्ये चुंबकाच्या स्टिक मिळतात. दुसऱ्या कंपनीचा घ्यायचं सगळ्यात सबळ कारण हेच.

इथेच एक मेखही आहे. काही खोक्यांवर मोठ्या अक्षरांत 'हॉल इफेक्ट' असतं आणि बारीक अक्षरांत 'ट्रिगर'. म्हणजे चुंबक फक्त ट्रिगरमध्ये आणि स्टिक जुन्याच. 'स्टिक' किंवा 'जॉयस्टिक' हा शब्द शोधूनच पैसे द्या. आणि चुंबक असलं म्हणजे कंट्रोलर अमर झाला असं नाही. बटणं, बॅटरी आणि चार्जिंगचं भोक आपापल्या वेळेला जातंच.

तिसरी ओळ: वायर की बिनवायर?

कॉम्प्युटरसमोर बसून खेळणाऱ्याने वायरचा घ्यावा. स्वस्त पडतो, चार्जिंगची कटकट नाही, बॅटरी जुनी होण्याचा प्रश्न नाही. सोफ्यावरून खेळायचं असेल तर बिनवायरचा. त्यात सोबत छोटा डोंगल येणारा २.४ गिगाहर्ट्झचा कंट्रोलर सहसा ब्लूटूथपेक्षा लवकर प्रतिसाद देतो. फोनसाठी ब्लूटूथ सोयीचं. डोंगलवाला अडखळू लागला तर डोंगल यूएसबी-३ च्या हार्डडिस्कशेजारी तर नाही ना ते बघा. त्या जोडणीचा गोंगाट याच लहरींत मिसळतो. डोंगल पुढच्या पोर्टला लावला की बरेचदा काम होतं.

जाहिरातीत '१००० हर्ट्झ' दिसेल. म्हणजे कंट्रोलर सेकंदाला हजार वेळा, दर मिलिसेकंदाला, खबर देतो. १२५ हर्ट्झचा दर आठ मिलिसेकंदांनी देतो. घरच्या खेळाला हा फरक क्वचितच जाणवतो. त्याहून जास्त उशीर टीव्हीच लावतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' चालू करा, फुकटात मोठा फरक पडेल.

चौथी ओळ: हात कोणाचा?

लहान मुलाचा, मोठ्या पंजाच्या माणसाचा आणि संधिवाताच्या बोटांचा कंट्रोलर एक असू शकत नाही. शक्य असेल तर हातात धरून पाहा. दोन्ही अंगठे स्टिकवर न ताणता पोचतात का? मोटारींचे गेम खेळायचे असतील तर ट्रिगर थोडा दाबला की थोडा वेग देणारा हवा. स्विचसाठीच्या बऱ्याच कंट्रोलरचे ट्रिगर नुसते चालू-बंद असतात. जुने उड्या मारायचे आणि मारामारीचे गेम आवडत असतील तर स्टिकपेक्षा डावीकडचं अधिकच्या चिन्हासारखं बटण चांगलं असायला हवं.

काही हात वेगळे असतात. कोणाची बोटं गेलेली असतात, कोणाचा एकच हात चालतो. जखमी सैनिकांसाठी कंट्रोलर बदलून देणारी 'वॉरफायटर एंगेज्ड' नावाची अमेरिकी संस्था आहे. तिच्या कामावरून मायक्रोसॉफ्टच्या लोकांना कल्पना सुचली आणि २०१८ मध्ये एक्सबॉक्स ॲडाप्टिव्ह कंट्रोलर आला. त्याच्या मागे ३.५ मिलिमीटरची १९ भोकं आहेत, आपल्या हेडफोनच्या पिनेची. त्यात कुठल्याही कंपनीचं बटण, पायाने दाबायचा पेडल, हनुवटीने दाबायचा खटका लावता येतो. होरीचा 'फ्लेक्स' निन्टेन्डोच्या परवान्याने स्विचसाठी हेच काम करतो. कुणाला कंट्रोलर धरता येत नाही म्हणून गेम बंद झाला असेल, तर हे पर्याय आहेत हे त्याला जरूर सांगा. अशा माणसासाठी दुसऱ्या कंपनीचं बटण ही काटकसर नसते. त्याच्यामुळेच त्याला मित्रांबरोबर खेळता येतं.

घरी आणल्यावर

ऑनलाइन मालाची परत करायची मुदत थोडी असते, म्हणून पहिल्याच दिवशी तपासा. विंडोजवर 'रन'मध्ये जे-ओ-वाय, टिंब, सी-पी-एल असं इंग्रजीत लिहून एन्टर दाबा. यादीतला आपला कंट्रोलर निवडून 'प्रॉपर्टीज' उघडा. स्टिक चारी बाजूंना ढकलून सोडा. खूण दर वेळी मध्यावर परत यायला हवी. गोल फिरवा, कडेपर्यंत जायला हवी. प्रत्येक बटण दाबा. या खिडकीत दोन्ही ट्रिगर एकदम दाबले की खूण मधेच राहते. तो बिघाड नव्हे, दोघांसाठी तिथे एकच पट्टी असते. स्टिक मध्यावर येत नसेल तर गेममध्ये 'डेड झोन' वाढवून दोष झाकत बसू नका. नवा माल आहे, बदलून घ्या.

बिल जपा. वॉरंटी कंपनीची आहे की फक्त दुकानदाराची, हे बिलावर लिहून घ्या. कोणी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

आता यादी चिठ्ठीवर उतरवा: मशीनचं पूर्ण नाव, स्टिकमध्ये हॉल किंवा टीएमआर, वायर की बिनवायर, खेळणाऱ्याचा हात आणि आयात करणाऱ्याचं नाव-वॉरंटी. या पाच गोष्टी लेखी मिळाल्या तर दोन हजारांचा कंट्रोलरही बिनघोर घ्या. मिळाल्या नाहीत तर पुढच्या दुकानात चला.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.