ठाम नकार, पण कोणता?

लंडनच्या हिज मॅजेस्टीज थिएटरात ११ एप्रिल १९१४ रोजी बर्नार्ड शॉचं ‘पिग्मॅलियन’ सुरू झालं. प्रतिष्ठितांच्या दिवाणखान्यात, घोटून घेतलेल्या उच्चारांत बोलणारी एलायझा निघायला उठते. बागेतून चालत जाणार का, असं एक तरुण तिला विचारतो. ती ‘छे, शक्यच नाही’ अशा अर्थाचं उत्तर देते, मात्र मध्ये ‘ब्लडी’ पेरून! प्रेक्षक आधी दचकले, मग कितीतरी वेळ हसत सुटले. पुढे लंडनकर त्या शिवीच्या जागी नाटकाचंच नाव घालून ‘नॉट पिग्मॅलियन लाइकली’ म्हणू लागले. (पुलंची ‘ती फुलराणी’ याच नाटकावरून आली.) एलायझा मुळात रस्त्यावर फुलं विकणारी पोर; तिने कोव्हेंट गार्डनच्या रस्त्यावर तोच शब्द उच्चारला असता, तर कुणी मान वळवूनही पाहिलं नसतं. इंग्रजी नकाराचं वजन असं जागेवर ठरतं, आणि शब्दकोशातून इंग्रजी शिकलेले आपण नेमके तिथेच घसरतो.

‘नो वे’ घ्या. मैत्रिणीने नोकरी सोडल्याचं सांगितलं की ‘नो वे!’ म्हणजे ‘काय सांगतेस!’, तिने उसने पैसे मागितले की तोच ‘अजिबात नाही’ होतो. सगळा फरक सुरात, म्हणून ईमेलमध्ये तो नकोच. साहेबाला किंवा ग्राहकाला ‘आय अ‍ॅम अफ्रेड दॅट्स नॉट पॉसिबल’ पुरतं. त्यातल्या ‘अफ्रेड’चा भीतीशी संबंध नाही, आणि वाक्य मऊ असलं तरी दार बंदच असतं. ‘अ‍ॅब्सोल्यूटली नॉट’ आरोप फेटाळताना शोभतं. चहा घेणार का, याला तसं उत्तर दिलंत तर यजमान चहात काय पडलंय ते बघायला जाईल. ‘ओव्हर माय डेड बॉडी’ म्हणजे आपलं ‘माझ्या मढ्यावरून जा’. घरच्या भांडणात ठीक, मीटिंगमध्ये हसं होईल.

खरा घोळ ‘नॉट अ‍ॅट ऑल’चा. ‘दमलात का?’ला ते ‘मुळीच नाही’. ‘थँक यू’ला ‘त्यात काय एवढं’. आणि ‘डू यू माइंड इफ आय सिट हिअर?’ला चक्क ‘खुशाल बसा’, कारण प्रश्न हरकत आहे का, असा आहे. तिथे आपण अगत्याने ‘येस, येस’ म्हणतो आणि शब्दशः हरकत नोंदवून मोकळे होतो. नकारार्थी प्रश्नाचंही तेच. ‘जेवायला येणार नाहीस?’ला मराठी माणूस ‘हो, नाही येणार’ म्हणतो. इंग्रजीत तिथे ‘नो’च हवा. नुसतं ‘येस’ ऐकून समोरचा तुमचं पान मांडून ठेवेल.

वाक्यात ‘नो’ आहे म्हणजे नकारच, असंही नाही. ‘देअर इज नो क्वेश्चन दॅट ही विल रिझाइन’ म्हणजे राजीनामा नक्की. ‘देअर इज नो क्वेश्चन ऑफ हिज रिझाइनिंग’ म्हणजे राजीनाम्याचा प्रश्नच नाही. एका ‘दॅट’वर माणसाची खुर्ची जाते, ‘ऑफ’वर राहते.

मत खोडायचं असेल तर इंग्रजांना आदर आठवतो. ‘विथ रिस्पेक्ट’ हा विरोध, आणि ‘विथ द ग्रेटेस्ट रिस्पेक्ट’ म्हणजे तुमचं म्हणणं निव्वळ टाकाऊ. आपल्या उच्च न्यायालयांतले वकीलही हे शस्त्र सराईतपणे चालवतात. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयात बहुमताशी न पटलेले न्यायाधीश बहुधा ‘आय रिस्पेक्टफुली डिसेंट’ असा शेवट करतात. २००० साली ‘बुश विरुद्ध गोर’ खटल्यात न्यायाधीश रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी शेवटी ‘आय डिसेंट’ एवढंच लिहिलं. गाळलेला आदर सगळ्यांना दिसला.

माझं मत विचाराल तर परक्या भाषेत मऊ नकारच वापरावा. तो कमी ठाम नसतो, आणि उद्या पुन्हा बोलायची सोय राहते. कडक नकाराची किंमत मोठमोठ्यांना चुकली नाही. ३० ऑक्टोबर १९९० रोजी युरोपच्या एकीकरणाच्या योजनेवर पंतप्रधान मार्गारेट थॅचर ब्रिटिश संसदेत ‘नो, नो, नो’ म्हणाल्या. दोनच दिवसांनी त्यांचे उपपंतप्रधान जेफ्री हाऊ यांनी राजीनामा दिला, आणि २२ नोव्हेंबरला बाईंनी स्वतःचा जाहीर केला.